पुढच्या दाताचा इम्प्लांट खरंच ओळखू येत नाही का? अनुभव हवेत

पैनगंगा

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात पावसात स्कूटी घसरली, बाकी सगळं खरचटण्यावर निभावलं पण वरचा समोरचा डावा दात, ज्याचं कॉलेजात असताना रूट कॅनाल झालेलं, तो हिरडीच्या आतपर्यंत चिरलाय. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघंही म्हणाले हा वाचत नाही, काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात) करा. पैशांची जुळवाजुळव होईल, दुखण्याचंही मला फार नाही, पण सगळा जीव अडकलाय तो दिसण्यात.

मी शाळेत शिकवते, पाचवीचा वर्ग, दिवसभर तोंड पोरांसमोर. त्यात मी हसले की वरची हिरडी पण दिसते. आणि लहानपण किनवटकडे बोअरचं पाणी पिऊन गेलं त्यामुळे दातांवर पांढरट ढग आणि मधेमधे फिकट तपकिरी रेघा आहेत, फ्लोरोसिस म्हणतात ते. मग अशा दातांच्या रांगेत एक नवाकोरा पांढराशुभ्र दात बसवला तर तो लांबूनच कळणार ना? डॉक्टर म्हणतात "अगदी नॅचरल दिसेल", पण ते सगळेच म्हणतात. ज्यांनी पुढच्या दाताचा केलाय त्यांनी खरं खरं सांगा प्लीज. मार्गशीर्षात चुलत बहिणीचं लग्न आहे, तोवर होईल का?

अजून एक, सासूबाई म्हणतायत हाडात लोखंड घालून घेऊ नको, शरीर ते बाहेर टाकतं. त्यांना काय सांगू?

साधा_नाशिककर

ताई माझा खालच्या दाढेचा आहे, सहा वर्षं झाली. सगळं खातो, बायकोला पण आठवत नाही कुठली दाढ ते. फक्त बुडाशी मेथीची पानं, मटणाचे धागे अडकतात म्हणून जेवल्यावर तो बारका बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश फिरवावा लागतो. पण दाढेचं कोण बघतंय, पुढच्याचं गणित वेगळं असणार.

करवीरची

पैनगंगा, तुझं वाचून माझे जुने दिवस आठवले. माझाही वरचा समोरचाच, उजवा. माझं चुकलं ते तुझं चुकू नये म्हणून सविस्तर लिहिते.

दात काढला आणि मी दीड वर्ष तशीच राहिले, काढता-घालता येणारा प्लॅस्टिकचा दात लावून, कारण घरात दुसरी आजारपणं चालू होती. तेवढ्यात तिथलं हाड बसून गेलं, बाहेरून बोट लावलं तर खड्डा लागायचा. पहिल्या डॉक्टरांनी त्याबद्दल काही न बोलता इम्प्लांट ठोकला, चार महिन्यांनी कॅप लावली. कॅपचा रंग खरं सांगते उत्तम होता, आजही आहे. पण दात शेजारच्यापेक्षा लांब दिसायचा कारण हिरडी वर सरकलेली, कडेला हिरडीतून राखाडी सावली यायची, आणि दोन दातांच्या मधे काळा त्रिकोण. बोलताना त्यातून थुंकी उडायची. दोन वर्षं मी फोटोत ओठ मिटून उभी राहिलेय, मुलाच्या मुंजीच्या अल्बममध्ये माझा एकही हसरा फोटो नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी टाळूतून हिरडीचा तुकडा काढून पुढे लावला आणि कॅपच्या आतला जोड धातूचा होता तो बदलून पांढरा झिरकोनियाचा (एक मजबूत सिरॅमिक) केला. सावली गेली. लांबी बरीचशी कमी झाली. त्रिकोण थोडा राहिला तो राहिलाच. म्हणून सांगते, तू कॅपच्या रंगाची काळजी करतेयस, हिरडीची कर. दात काढायच्या आधीच विचार हाडाचं काय करणार आहात.

उत्तरेचा_पाऊस

सासूबाईंसाठी लिहितो. मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो (इथले लोक योतेबोरी म्हणतात), आणि हा सगळा प्रकार मोठा झाला तो याच गावात. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून आत रक्त कसं फिरतं ते बघत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला चिकटून एकजीव झालेलं. तिथून त्यांना दाताची कल्पना सुचली. 1965 मध्ये यॉस्टा लार्सन म्हणून एक गृहस्थ होते, खालच्या जबड्यात दात नव्हते, त्यांना पहिल्यांदा बसवले. ते 2006 मध्ये वारले तोपर्यंत ते इम्प्लांट तोंडात होते, चाळीस वर्षं.

तेव्हा लोखंड नाही, टायटॅनियम. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून शरीर त्याला परकं धरून बाहेर ढकलत नाही. निकामी होतात ते इन्फेक्शनने, तंबाखूने, हाताबाहेर गेलेल्या शुगरने. माझ्या आईलाही हीच भीती होती, लार्सनची गोष्ट सांगितल्यावर तयार झाली.

मिरजेचा_सिरॅमिकवाला

मी मिरजेला डेंटल लॅबमध्ये 26 वर्षं सिरॅमिकचं काम केलं, कॅपा बनवायचो, आता घरी असतो. ताई तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमच्या कामात सगळ्यात अवघड काय विचाराल तर समोरचा एकटा दात. सहाच्या सहा करायचे असले तर सोपं, सगळे आपल्याच हातचे, एकमेकांशी जुळतात. एकटा करायचा म्हणजे शेजारी निसर्गाने घडवलेला उभा, आणि बघणाऱ्याची नजर त्या जोडीवरच जाते. त्यामुळे एका फटक्यात जमेल असं कुणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. दोनदा तीनदा परत पाठवायची तयारी डॉक्टरची पण हवी, लॅबची पण हवी आणि पेशंटची पण.

तुम्हाला डागांची भीती वाटते, मला उलट वाटतं. डाग, ढग, रेघा यांच्यात नक्कल खपून जाते, एकदम स्वच्छ एकरंगी दातात लपायला जागाच नसते. फक्त ते ढग पोर्सिलेनच्या आतल्या थरात भरायला पाहिजेत. नुसते वरून रंगवून भट्टीत घातले तर ब्रशने घासून घासून काही वर्षांत फिके पडतात. मी चंद्रपूर, यवतमाळकडच्या पेशंटचे असे दात केलेत, शेजारच्या दाताचा मोठा फोटो समोर ठेवून ढग कुठून सुरू होतो कुठे संपतो ते कागदावर काढून घ्यायचो आणि मगच पावडर हातात घ्यायचो.

आता शेडचं, म्हणजे रंग जुळवण्याचं. दवाखान्यात रंगांची एक पट्टी असते, ए-वन पासून डी-फोर पर्यंत 16 रंग. बरेच जण एक रंग लिहून पाठवतात आणि घोळ तिथेच होतो, कारण दात कधी एका रंगाचा नसतो, हिरडीजवळ पिवळसर, मधे उजळ आणि धारेला काचेसारखा निळसर आरपार. शिवाय शेड घ्यायची ती तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या, काम सुरू करायच्या आधी. तोंड उघडं राहिलं की दात सुकतो आणि सुकलेला दात पांढरा दिसतो, पूर्ववत व्हायला कित्येक तास लागतात. कामाच्या शेवटी घेतलेली शेड म्हणजे कॅप जास्त पांढरी येणार, आणि अशा कॅपा मी किती परत घेतल्यात त्याची गणती नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघायला सांगा, लिपस्टिक पुसून जा, भडक रंगाची साडी नको. पट्टीचा तुकडा दाताला लावून फोटो काढायला लावा. लॅब गावातच असेल तर स्वतः जाऊन या, पेशंटला समोर बघून केलेलं काम वेगळंच होतं.

मटेरियलबद्दल, अख्ख्या झिरकोनियाच्या ठोकळ्यातून कोरलेली कॅप मजबूत असते, दाढेला छान, पण पुढे ती निर्जीव दिसू शकते. पुढे झिरकोनियाच्या गाभ्यावर पोर्सिलेनचे थर चढवलेली घ्या. अजून एक सहसा कुणी सांगत नाही, खरा दात जांभळ्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकतो, जुन्या प्रकारचं पोर्सिलेन चमकत नाही, मग ऑर्केस्ट्राच्या स्टेजजवळ त्या एका जागी दातच नाही असं वाटतं. चांगल्या पोर्सिलेनमध्ये ती चमक दिलेली असते, विचारून घ्या.

शेवटची चकाकी द्यायच्या आधी ट्रायल मागा. आरसा हातभर लांब धरून बघा, "फणस, वांगी" असे शब्द म्हणून बघा, धार खालच्या ओठाला हलकी लागली पाहिजे. दात उजळून घ्यायचे मनात असेल तर ते आधी करा आणि रंग बसायला दोन आठवडे जाऊ द्या, कारण कॅप नंतर उजळत नाही.

हिरडीवाली

मी हिरड्यांची डॉक्टर आहे. तोंड न बघता सल्ला देता येत नाही, तुझे डॉक्टर सांगतील तेच खरं, पण विचारायचं काय ते सांगते.

करवीरचीने लिहिलंय ते नेमकं आहे. समोरच्या दाताच्या ओठाकडच्या बाजूला हाडाची भिंत फार पातळ असते, बहुतेकांची एक मिलिमीटरहून कमी. दात निघाला की ती विरघळायला लागते आणि जी झीज व्हायची त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून काढायच्या आधी थ्रीडी स्कॅन करून ती भिंत शाबूत आहे का बघायचं. शाबूत असेल, पू नसेल, तर त्याच दिवशी इम्प्लांट बसवता येतो. भिंत फुटली असेल, आणि तुझा दात उभा चिरलाय म्हणजे ती शक्यता आहे, तर खड्ड्यात बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरून सुमारे चार महिने थांबणं चांगलं.

हसताना हिरडी दिसते म्हणालीस, मग तुझी हिरडी पातळ आहे की जाड हे विचारच. मोजायच्या काडीचं टोक हिरडीच्या आतून दिसलं तर पातळ. अशा हिरडीत धातूची छटा दिसते आणि ती वर सरकायचीही भीती जास्त, अशा वेळी आधीच टाळूची हिरडी लावून जाडी वाढवतात. दोन दातांमधला हिरडीचा टोकदार कोंब भरून यायचा तर शेजारच्या दाताचं हाड टिकलेलं हवं, दात एकमेकांना जिथे टेकतात तिथून हाडापर्यंत पाच मिलिमीटरच्या आत अंतर असलं की कोंब साधारण भरतो, त्यापुढे काळा त्रिकोण राहण्याची शक्यता वाढत जाते.

आणि थेट शेवटची कॅप लावू देऊ नकोस. आधी स्क्रूवर बसणारा तात्पुरता दात दोन-तीन महिने लावून, त्याला थोडं थोडं भर देत हिरडीला आकार द्यायचा असतो, कारण इम्प्लांट गोल आणि दाताची मान तिकोनी. नैसर्गिक दिसण्यातला अर्धा भाग इथे आहे आणि घाईत वगळला जातो तो हाच टप्पा. पक्की कॅप पण शक्यतो स्क्रूची, सिमेंटची असली तर हिरडीखाली राहिलेल्या सिमेंटने हाड खराब झालेलं मी बरेचदा पाहिलंय.

मार्गशीर्षापर्यंत पक्कं होणार नाही. लग्नात शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला तात्पुरता दात असेल, फोटोत छान दिसतो, फक्त त्याने चावायचं नाही.

आणि खरं सांगायचं तर समोर बसून बोलणाऱ्याला कळणार नाही, आरशात तुला कळेल. पुढे दहा-पंधरा वर्षांत खरे दात वयाप्रमाणे किंचित खाली सरकतात, इम्प्लांट हाडात घट्ट असतो म्हणून तिथेच राहतो, मग धार थोडी वर वाटू शकते. तेव्हा कॅप बदलावी लागली तर तू फसवली गेलीस असं समजू नकोस.

पैनगंगा

सगळ्यांचे खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना. करवीरची, तुझ्या मुंजीच्या अल्बमचं वाचून फार वाटलं. सासूबाईंना लार्सनची गोष्ट वाचून दाखवली, त्या म्हणाल्या चाळीस वर्षं टिकला म्हणजे मग ठीक आहे. प्रश्नांचा कागद करून उद्या डॉक्टरांकडे जातेय.

पैनगंगा (अकरा महिन्यांनी)

परत आले, कारण इथे विचारून शेवट काय झाला ते न सांगणं बरं नाही.

स्कॅनमध्ये पुढची भिंत फुटलेलीच निघाली. ग्राफ्ट, मग चार महिने, मग इम्प्लांट आणि त्याच वेळी टाळूची हिरडी, मग परत चार महिने, मग तात्पुरता दात. लग्नात चिकटवलेला होता, एकदा जेवताना सैल झाला तेव्हा घाबरले पण निभावलं. पक्की कॅप गेल्या आठवड्यात बसली. पहिली आली ती मानेजवळ फार उजळ होती, मी मिरजेच्या दादांचं वाचलेलं म्हणून गप्प बसले नाही, परत पाठवली. दुसऱ्या वेळी लॅबवाले स्वतः दवाखान्यात आले आणि खिडकीत उभं करून माझ्या उजव्या दातावरचे ढग वहीत काढून नेले. आता ते ढग दोन्ही दातांवर आहेत. लहानपणापासून ज्या डागांची मला लाज वाटायची ते मी स्वतः मागून करून घेतले.

जे शंभर टक्के नाही ते पण लिहिते. हिरडीची कड उजव्यापेक्षा केसभर वर आहे, दोन दातांमधला हिरडीचा कोंब अजून पूर्ण भरला नाहीये, डॉक्टर म्हणतात वर्षभर हळूहळू भरत राहतो. सुरुवातीला "स" म्हणताना शीळ यायची, वर्गात कविता मोठ्याने म्हणून म्हणून ती गेली. आणि त्या दाताला गरम-गार, दाब काहीच कळत नाही, चावताना मधे एक मुकी जागा असल्यासारखं वाटतं.

करवीरची, तू विचारलं होतंस ना मेसेजमध्ये, टाळूची जखम दहा-बारा दिवस चांगलीच झोंबली, हिरडीपेक्षा तीच जास्त दुखली, थंड ताक आणि गुरगुट्या भातावर काढले ते दिवस. तुझा राहिलेला त्रिकोण दाखवून तरी ये एकदा, आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले शेजारच्या दाताला थोडं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावून तो बुजवता येतो का ते बघता येईल.