शिकागो विद्यापीठ : तिथे शिकलेल्यांचे अनुभव

जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीच्या बळावर १८९० साली स्थापन झालेले हे खासगी विद्यापीठ शिकागोच्या दक्षिण भागात, हाइड पार्क या वस्तीत आहे. विल्यम रेनी हार्पर या पहिल्या अध्यक्षांनी सुरुवातीपासूनच संशोधनावर भर दिला. एवढी माहिती सहज मिळते. तिथे शिकलेल्यांनी आपण स्वतः काय पाहिले ते लिहावे, ही विनंती.

पदवी, गणित
मी होतो तेव्हा तिमाही दहा आठवड्यांची असे आणि पुस्तके हातात पडेपर्यंत पहिली परीक्षा दारात येऊन उभी राहत असे. गणित शिकायला आलेल्या मलाही सर्वांना सक्तीच्या असलेल्या 'कोअर' अभ्यासक्रमात प्लेटो वाचावा लागला. लांबट टेबलाभोवती आम्ही जेमतेम वीस जण, प्रत्येकापुढे पुस्तक उघडे. मी माझे मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले, तेव्हा बाईंनी शांतपणे एवढेच विचारले, "हे कोणत्या ओळीत आहे?" मला ओळ सापडेपर्यंत सगळा वर्ग थांबला. माझ्या मते या विद्यापीठाचे खरे शिक्षण त्या एका प्रश्नात आहे, आणि ज्यांना तो जाच वाटतो त्यांनी इथे येण्याआधी नीट विचार करावा.

पीएच.डी., भौतिकशास्त्र
एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ डिसेंबर १९४२ रोजी स्वतःहून चालू राहणारी पहिली कृत्रिम अणुसाखळी प्रक्रिया घडवली ती इथल्या स्टॅग फील्ड या जुन्या मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखाली. आता तिथे हेन्री मूर यांचे ब्राँझचे शिल्प आहे. मी रोज त्याच्यावरून जात असे; त्याच्या घोटलेल्या, गोल माथ्याकडे पाहताना कधी कवटी आठवे, कधी अणुस्फोटाचा ढग. भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३७ पासून अखेरपर्यंत याच विद्यापीठात होते, याचा मला फार आधार वाटत असे.

एम.ए., दक्षिण आशियाई भाषा
मराठी शब्दाचा अर्थ शोधताना ज्यांनी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश संगणकावर उघडला आहे, त्यांनी बहुधा याच विद्यापीठाचे दार वाजवले आहे. तो कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश इथल्या डिजिटल संग्रहात सर्वांना विनामूल्य खुला आहे. आपल्या भाषेची एवढी निगा इतक्या दूर राखली जाते, हे पाहून मला भरून आले होते. २०११ साली उघडलेल्या मान्सुएटो ग्रंथालयात काचेच्या घुमटाखाली बसून पुस्तकाची मागणी नोंदवली, की जमिनीखालच्या कोठारातून यांत्रिक क्रेन ते ठेवलेली पेटी काही मिनिटांत वर आणते.

संशोधकाची पत्नी
जानेवारीत मिशिगन सरोवराकडून येणारा वारा अंगावर घेतल्याशिवाय तिथल्या थंडीची कल्पना येत नाही. चांगला कोट आणि बूट तिथे पोचल्यावरच घ्यावेत, आणि रात्री उशिरा ग्रंथालयातून परतताना विद्यापीठाच्या बसनेच यावे.