ससा दुपारपासून खात नाही, लेंड्याही जवळपास बंद. सकाळपर्यंत थांबू का?

आधी मुद्द्याचं. ठमी, मादी, साडेचार वर्षांची, वजन १.८ किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. दुपारपासून तिने तोंडाला काही लावलेलं नाही. आत्ता रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. तिचे नेहमीचे डॉक्टर सकाळी दहाला येतात. तोवर थांबू, की रात्रीचा दवाखाना शोधून आत्ताच निघू?

आता सविस्तर. पेलेटचा डबा वाजला की ठमी पायात येते. एकदा तर तिच्यावर पाय पडता पडता मीच आपटले. आज संध्याकाळी डबा वाजला, तिने एक कान फिरवला आणि बसून राहिली. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली. हुंगली, दोनदा चावली आणि सोडून दिली. ती ओली काडी हनुवटीला चिकटून राहिली आणि तिने ती झटकलीसुद्धा नाही. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

ट्रे सकाळी साफ केला होता. रोज संध्याकाळपर्यंत ओंजळभर लेंड्या असतात, आज मोजून अकरा. एरवी वाटाण्याएवढ्या, गोल, हलक्या रंगाच्या असतात. आजच्या मिऱ्यांसारख्या काळ्या नि कडक, आणि दोन-तीन तर केसात ओवल्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या. केस गळताहेत सध्या तिचे, हेही सांगून ठेवते.

बसलीय ती पाठीची कमान करून, पुढचे पाय अंगाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून. मधेच पोट जमिनीला दाबते, उठते, जागा बदलते, पुन्हा तशीच. शिवाय दात खातेय. कपाळावरून हात फिरवला की सशाचे दात बारीक कुरकुरतात, ते सुखाचं असतं, माहितीये मला. हा आवाज तो नाही. हा दारापर्यंत ऐकू येतोय.

घरात सगळे म्हणतात, झोपलीय, झोपू दे. पाच वर्षांपूर्वी माझा पहिला ससा असाच गप्प बसला होता आणि मीच म्हटलं होतं, झोपू दे. म्हणून विचारतेय.

प्रतिसाद:

थांबू नका. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद, ही सशाच्या बाबतीत इमर्जन्सीच. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते मंदावलं की गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखलं की खात नाही आणि खाल्लं नाही की आतडं आणखी मंदावतं. हे चक्र आपोआप क्वचितच सुटतं. त्यातून हा शिकार होणाऱ्यांच्या जातीतला प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तुम्हाला दिसतंय म्हणजे तिचं लपवण्याचं बळ संपलंय.

एकीकडे फोन लावा, एकीकडे तीन गोष्टी बघून इथे लिहा. कान बोटांत धरून बघा, गार आहेत का. पोट हलक्या हाताने चाचपा, मळलेल्या कणकेसारखं लागतं की डफासारखं ताणलेलं. आणि श्वास नाकाने चाललाय ना? ससा तोंड उघडून श्वास घेत असेल तर हे वाचत बसू नका, तशाच निघा.

मी:

कान गार आहेत, मागचे पंजेही. पोट फुगीर आहे पण दाबलं जातंय. श्वास नाकाने, भराभर. एक रात्रीचा दवाखाना मिळाला, "ससा बघता का" विचारल्यावर हो म्हणाले. गाडी यायला वीस मिनिटं आहेत.

प्रतिसाद:

एवढं घाबरू नका हो. आमचा ससा दोन दिवस जेवला नव्हता. लहान बाळांचे गॅसचे थेंब दिले, सिरिंजने पातळ खाणं भरवलं, तिसऱ्या दिवशी टुणटुणीत. रात्री-अपरात्री प्रवासानेच जास्त दगदग होईल तिची.

प्रतिसाद:

वरच्यांचा ससा नशीबवान निघाला, आनंद आहे. पण हा सल्ला दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी काही वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. "दोन दिवस वाट बघितली" म्हणत आणलेले ससे बरेच पाहिले, परत घरी गेलेले कमी.

गॅसच्या थेंबांत सिमेथिकोन असतं. त्याने अपाय होत नाही, पण तेवढ्यावर भरवसा ठेवण्यासारखं ते औषध नाही. सिरिंजने भरवणं मात्र तपासणीआधी अजिबात नको. आतड्यात केसांचा गोळा अडकलेला असेल, तर पुढे जायला वाट नाही आणि सशाला उलटी करताच येत नाही. वरून भरलेलं जठरातच साचणार. अडथळा नाही असं डॉक्टर म्हणाले की मग भरवणं हाच उपचार, तेव्हा हयगय करू नका.

गाडी येईपर्यंत ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, नको झालं तर तिला सरकता आलं पाहिजे. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असतं. ३८ च्या खाली गेलं की तापापेक्षा जास्त काळजीचं. घरी थर्मामीटर लावायच्या फंदात पडू नका, सवय नसेल तर झटापटीत कणा दुखावतो. तिथे पोचल्यावर रक्तातली साखर बघायला सांगा, कानातल्या थेंबभर रक्ताने होते. नुसतं आतडं मंदावलेलं असेल तर ती थोडीफार वाढलेली दिसते. ३६० च्या वर असेल तर अडथळ्याचा संशय घेतात. आणि तोंडातून पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांतलं काही दिलं तर नको म्हणा. आतड्यातले चांगले जंतू मरून ससा त्यानेच जातो.

मी:

हे वाचून हात थरथरले. पहिल्या सशाला एका ठिकाणी अमॉक्सिसिलिनच दिलं होतं, तोंडाने. तिथे कुत्री-मांजरंच यायची. मी इतकी वर्षं समजत होते की फक्त माझ्याच उशिरामुळे गेला.

गाडी आली.

मी (दुसऱ्या दिवशी दुपारी):

सगळ्यांचे आभार. ठमी घरी आहे.

पोचलो तेव्हा ताप ३७.४, म्हणजे ताप नव्हेच, उलट. साखर १९०. एक्स-रेमध्ये जठरात गॅस दिसला, पण अडथळा नाही. आधी ऊब, कातडीखाली कोमट सलाइन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन. तासाभराने दात खाणं थांबलं आणि ती टेबलावर चक्क तोंड धुऊ लागली. मग भरवायला सुरुवात.

खरं कारण तोंडात सापडलं. सशाचे दात जन्मभर वाढतात एवढं मला माहीत होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर कायम पुढचे दात. मागच्या दाढाही वाढतात. खालच्या दाढेला आतून काट्यासारखं टोक आलंय आणि ते जिभेत रुततंय. डॉक्टरांनी मला टॉर्च धरून दाखवलं, जिभेच्या कडेला पांढरट जखम आहे.

मग त्यांनी विचारलं, वाळलेलं गवत खाते का? मी म्हटलं खाते. आणि बोलता बोलताच आठवलं की गवताची टोपली पंधरा-वीस दिवसांत मी भरलेलीच नाही. ती रिकामीच होत नव्हती. पेलेट संपवत होती म्हणून मला वाटलं, खातेय की. पुढच्या पंजांची आतली लव लाळेने चिकटलेली होती, तीही मी रोज बघत होते आणि म्हणत होते, काय हा घाणेरडेपणा! लेंड्याही लहान होत गेल्या असणार. मी ट्रे झाडत होते, बघत नव्हते.

प्रतिसाद:

छान बातमी. धागा वर आलाच आहे तर विचारतो, अजून कशावर तडक निघायचं असतं? आमच्याकडे दोन ससे आहेत आणि आता झोप उडालीय.

प्रतिसाद (मदतनीस):

मान एकीकडे कलली, डोळे आपोआप हलू लागले किंवा मागचे पाय ओढत चालू लागला, तर त्याच दिवशी. आतल्या कानाचा संसर्ग असतो किंवा मेंदूत शिरलेला परजीवी. लवकर उपचार झाले तर सावरलेले ससे मी पाहिलेत. उन्हाळ्यात शेपटीखालचा भाग रोज बघा. तिथे घाण चिकटून राहिली की माश्या अंडी घालतात, अळ्या जिवंत मांसात शिरतात आणि मग हातात जेमतेम एखादा दिवस उरतो. लाल लघवीने मात्र लोक नको तितके घाबरतात. पाल्यातल्या रंगानेही ती लाल दिसते. पण नसबंदी न झालेल्या, तीन-चार वर्षांपुढच्या मादीत ते गर्भाशयातलं रक्त असू शकतं, कॅन्सरचं प्रमाण त्यांच्यात बरंच आहे. अशी मादी असेल तर तपासून घ्याच.

मी:

एक शेवटचं. गुरुवारी भूल देऊन दाढ घासणार आहेत. घरचे म्हणतात, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची, माणसांना ठेवतात तशी. दवाखान्यात विचारायचं राहून गेलं.

प्रतिसाद (मदतनीस):

मुळीच नाही. माणसाला उपाशी ठेवतात ते उलटी श्वासात जाऊ नये म्हणून. सशाला उलटीच होत नाही, उपाशी ठेवलात तर आतडं पुन्हा बसेल. फोन करून खात्री करा आणि तिच्या आवडीचं खाणं बरोबर न्या. शुद्धीवर आल्या आल्या तोंडासमोर धरायचं.

मी:

कोथिंबीर नेते. काल तीच सोडली होती, आज अर्धी काडी खाल्ली, एकाच बाजूने चावत. सकाळपासूनच्या लेंड्या सत्तावीस, अजून बारीकच आहेत.