कॅज्युअल्टीत काम केलेल्यांनो, कोरोनाचं २०२१ अजून डोक्यातून जात नाही, काय करता?

निशिगंध:
मी जीएनएम नर्स, सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला आहे. एप्रिल २०२१ मध्ये पण तिथेच होते. पेशंट रिक्षातच असायचा, आम्ही गेटवर जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावायचो, सॅच्युरेशन ६८, ७२ आणि आत एक पण ऑक्सिजन बेड नाही. एका मुलाने माझे पाय धरले, सिस्टर खुर्चीवर बसवा पण वडिलांना ऑक्सिजन लावा. मी म्हटलं दुसरीकडे बघा. दुसरीकडे पण नाहीये हे मला माहीत होतं. ते वाचले का गेले, आजपर्यंत कळलं नाही.

परवा नाईटला एक रिक्षा करकचून ब्रेक मारून थांबली, साधी पोटदुखी होती, पण माझे हात इतके थरथरायला लागले की व्हेनफ्लॉन (सलाईनची सुई) लावता येईना, शेवटी ज्युनियरने लावलं. घरी हे म्हणतात झालं गेलं विसरून जा. कुणाला असं होतं का?

गोदाकाठ:
होतं ताई. मी नाशिकची. २१ एप्रिल २०२१ ला इथे मनपाच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनची टाकी लीक झाली, २२ पेशंट गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुसऱ्या हॉस्पिटलात ड्युटीवर होते. ती अख्खी रात्र आम्ही दर थोड्या वेळाने प्रेशरचा काटा बघत काढली. अजून घरी झोपायच्या आधी मी गॅसचा रेग्युलेटर दोन-तीनदा बघते. आणि बॉडी पॅक केल्यावर सामानाच्या पिशवीत मोबाईल वाजत राहायचा, स्क्रीनवर "घर". उचलायची परवानगी नव्हती, कळवायचं काम डॉक्टरांचं. ती रिंगटोन कुठे ऐकली की मी खोलीबाहेर जाते.

ब्रदर_विदर्भ:
मी कंत्राटी होतो, लाट ओसरली तसं कमी केलं. २२ मार्च २०२० ला लोकांनी थाळ्या वाजवल्या तेव्हा खरंच भरून आलं होतं. पण नंतर पीपीई काढून आल्यावर आज कसं गेलं रे, असं एकाही साहेबाने विचारलं नाही, त्याचा राग अजून आहे.

मानसी_एमएसडब्ल्यू:
निशिगंध ताई, मी मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. नुसता थकवा असता तर सुट्टीने थोडा तरी उतरला असता. जे करायला हवं ते माहीत असून करता आलं नाही, त्याची जखम वेगळी असते, तिला मॉरल इंज्युरी म्हणतात, हा शब्द आधी लढाईवरून परतलेल्या सैनिकांसाठी वापरला गेला. बेड तुम्ही लपवला नव्हता, बेड नव्हताच. पण हे पटायला कुणाशी तरी नीट बोलावं लागतं, आणि हात थरथरतात म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच, त्यावर उपचार आहेत. आपल्याच दवाखान्यात ओपीडीला बसायचा संकोच वाटतो, सगळे ओळखीचे, तर आधी टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

निशिगंध:
सगळे रिप्लाय यांना वाचून दाखवले. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले तू हे रिक्षाचं कधी सांगितलंच नाहीस. त्या मुलाचा चेहरा आठवत नाही, हातातली आधारची झेरॉक्स तेवढी दिसते, घामाने भिजलेली. सोमवारी ऑफ आहे, तेव्हा फोन लावते.