‘बेवारस वाहन’ आणि ‘सुपूर्दनामा’

पोलीस ठाण्याच्या जाहिरातीत ‘बेवारस वाहने’ असं वाचलं. वारस तर माणूस गेल्यावर लागतो. गाडीचा मालक हयात असेल तर तिला बेवारस कसं म्हणायचं? ‘बिनधनी’ का नको? आणि गाडी ‘सुपूर्तनाम्यावर सुटली’ म्हणतात, त्यातलं ‘सुपूर्त’ म्हणजे काय?

*

‘वारस’ अरबी, ‘बे’ फारसी. मूळ अर्थ तुम्ही म्हणता तोच, पण मराठीत तो केव्हाच ‘कुणी विचारपूस करत नाही असा’ इथवर आला आहे. बसमध्ये सापडलेली पिशवीसुद्धा बेवारसच. ‘बिनधनी’ मला पटत नाही. त्यात धनीच नाही असा निकाल लागल्यासारखा होतो. धनी असतो, पुढे आलेला नसतो. म्हणून तर जाहीरनामा काढतात. पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूचा मालक ठाऊक नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ प्रमाणे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४५७) हक्क सिद्ध करायला जाहीरनाम्यापासून ६ महिने मिळतात. लिलाव त्यानंतरचा.

‘सुपूर्द’ फारसी आहे: हवाली केलेलं. तेव्हा ‘सुपूर्दनामा’च लिहावं, ‘त’ बहुधा ‘पूर्तता’च्या ओढीने शिरला असावा. अर्थ मात्र नीट धरा. गाडी तुमच्या हवाली झाली तरी खटला निकाली निघेपर्यंत ती मुद्देमालच. विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन, असं लिहून द्यावं लागतं. ‘सुटली’ या शब्दानेच लोक फसतात आणि गाडी विकून बसतात. वाहनं ठाण्याच्या आवारात कुजत ठेवू नयेत, पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे.

*

आता उलगडा झाला. आमची चोरीला गेलेली दुचाकी अशाच यादीत सापडली होती. नंबरची पाटी काढलेली. हवालदारांनी चॅसिसवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली, एकेक अंक उमटत गेला, तो आरसी बुकाशी जुळवला. यादीत ‘बेवारस’ होती. चोरीची फिर्याद दाखवल्याबरोबर कागदावर ‘मुद्देमाल’ झाली, आणि साध्या ताबा पावतीवर मिळेल म्हणून गेलेलो आम्ही न्यायालयात अर्ज करायला निघालो.