महाड तालुक्याचा उतार-नकाशा: सगळीकडे ८९ अंश का येतात?

प्रश्न: भूशास्त्र_विद्यार्थिनी

नमस्कार. मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि प्रबंधासाठी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्याचा दरडप्रवणतेचा नकाशा तयार करत आहे. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे कोसळलेली दरड आणि त्याच पावसात आसपासच्या डोंगरांवर झालेली भूस्खलने हा कामाचा गाभा आहे. एसआरटीएम या अवकाशयानातील रडार-मोहिमेचे ३० मीटरचे डीईएम (प्रत्येक पिक्सेलची उंची देणारी फाइल) उतरवून घेऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतार काढला, तेव्हा जवळजवळ संपूर्ण तालुका ८९ अंशांचा दिसू लागला; महाड शहराजवळचा सावित्रीकाठचा सपाट भागही त्यातून सुटला नाही. फाइल दोनदा नव्याने उतरवली, तरी फरक पडला नाही.

दुसरी अडचण अशी की जुलै-ऑगस्ट २०२१ मधील सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमांत ढगांखेरीज फारसे काही दिसत नाही. तसेच, उतार एकदा नीट आला की ३० अंशांवरील भाग धोक्याचा आणि १५ अंशांखालील भाग सुरक्षित अशी विभागणी करण्याचा माझा विचार आहे. ती ग्राह्य ठरेल का?

उत्तर: नकाशावेडा

तुमच्या फाइलमध्ये दोष नाही. ते डीईएम अक्षांश-रेखांशांत आहे, म्हणजे त्यातील आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये मोजलेली आहे. एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.०००२८ अंश असते. सॉफ्टवेअर तो आकडा मीटरच समजते आणि एका मीटरच्या चढाला त्याने भागते, त्यामुळे भातखाचराचा बांधसुद्धा त्याला सरळसोट कडा वाटतो. डीईएम आधी यूटीएम विभाग ४३ उत्तर (संकेतांक ईपीएसजी ३२६४३) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात रूपांतरित करावे आणि मगच उतार काढावा. रूपांतर करताना नव्या पिक्सेलांना उंची देण्याची पद्धत ‘निअरेस्ट नेबर’ (सर्वांत जवळच्या पिक्सेलची उंची) ठेवू नये, ‘बायलिनिअर’ (शेजारच्या चार पिक्सेलांची भारित सरासरी) निवडावी. नाहीतर उताराच्या नकाशावर कापडाच्या विणीसारख्या रेघा उमटतात आणि त्या भूरचनेच्याच आहेत असे वाटून माणूस फसतो. मी स्वतः त्या रेघांना एकदा भेगांची प्रणाली समजून बसलो होतो.

रूपांतरानंतरही एक मर्यादा राहतेच. उतार शेजारच्या पिक्सेलांवरून, म्हणजे साधारण ६० मीटर आडव्या अंतरावर काढला जातो. त्यामुळे सह्याद्रीतला ६० मीटर उंचीचा उभा कातळकडा तुमच्या नकाशावर जेमतेम ४५ अंशांचा दिसेल. एसआरटीएमचे मोजमाप फेब्रुवारी २००० मधील अकरा दिवसांचे आहे आणि त्याचा रडार दाट झाडीत जमिनीपर्यंत पुरता पोहोचत नाही. २०१० नंतरच्या मोजमापांवर आधारलेले कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचे ३० मीटरचे डीईएम मला घाटासाठी अधिक बरे वाटते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोडीईएम वापरणार असाल, तर त्यातील उंची समुद्रसपाटीपासून नव्हे तर लंबवर्तुळाभापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली असते, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे हा फरक साठ-सत्तर मीटरचा असल्याने किनाऱ्यालगतची गावे उणे उंचीवर दिसतात. उतारावर याचा परिणाम होत नाही, मात्र दोन डीईएम एकमेकांतून वजा करताना होतो.

उत्तर: रडारवाला

ढगांबद्दल लिहितो. पावसाळ्यातील प्रतिमेचा हट्ट सोडून नोव्हेंबर २०२० आणि नोव्हेंबर २०२१ यांची तुलना करावी. एकाच ऋतूतील प्रतिमा घेतल्या की सूर्याचा कोन आणि गवताची अवस्था बहुतांशी सारखी राहते, आणि एनडीव्हीआयमधील (हिरवाईच्या निर्देशांकातील) घट ही खरोखरच उघडी पडलेली माती असण्याची शक्यता वाढते. मे आणि ऑक्टोबर यांची तुलना केल्यास पावसाने हिरवा झालेला सगळा डोंगरच ‘बदल’ म्हणून दिसेल. दरडीच्या लहान व्रणांवर (उघड्या पडलेल्या पट्ट्यांवर) पहिल्याच पावसाळ्यात गवत चढते, त्यामुळे ते निसटणार, हे गृहीत धरावे.

नेमक्या आठवड्याचा पुरावा हवा असल्यास सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाकडे वळावे लागेल. त्याच्या रडारची तरंगलांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर असल्याने ढग आड येत नाहीत. मात्र तो तिरपा पाहतो: उपग्रहाकडे तोंड असलेले खडे उतार प्रतिमेत एकमेकांवर कोसळल्यासारखे दुमडतात आणि पाठीमागचे उतार छायेत जातात. घटनेच्या आधीच्या व नंतरच्या प्रत्येकी चार-पाच प्रतिमांची सरासरी घेऊन मगच फरक काढावा, नाहीतर रडारच्या मुळातल्या ठिपक्यांच्या गर्दीतून दरड शोधणे अशक्य होते. ३० जुलै २०१४ च्या माळीण (जि. पुणे) येथील दरड-दुर्घटनेशी तुलना करण्याचा मोह होईल, पण सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये अवकाशात गेला. माळीणसाठी लँडसॅट-८ उपग्रहाच्या ३० मीटरच्या प्रतिमांवरच भागवावे लागते.

उत्तर: निवृत्त_भूशास्त्रज्ञ

वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, तथापि तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोलले नाही आणि खरा धोका तिथेच आहे. १५ अंशांखालील भाग सुरक्षित, ही विभागणी कृपया करू नका. आपल्याकडे डोंगरातली वाडी कड्यावर नव्हे, तर कड्याखालच्या सौम्य टप्प्यावर वसते, कारण घराला, गोठ्याला आणि खाचराला सपाटी तिथेच मिळते. तळिये असो वा १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेलेली इरसालवाडी, माती सुटली ती वरच्या खड्या उतारावरून आणि घरे होती खाली.

अशा एखाद्या वाडीत उभे राहून पाहा. अंगणात क्लायनोमीटर (उतार मोजायचे उपकरण) दहा-बारा अंश दाखवतो. घराच्या मागे झाडीचा तीसेक अंशांचा चढ सुरू होतो, आणि त्याच्या माथ्यावर बेसॉल्टचा काळा कडा. लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये लालसर, मऊ मातीचा थर असतो. वरच्या कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी त्याच्यापाशी अडते आणि आडवे बाहेर पडते. गावकरी त्याला पाझर म्हणतात आणि कोणता पाझर कोणत्या महिन्यात सुटतो, हेही सांगतात. मुरुमाचे व मातीचे आवरण या ओळीच्या खाली भिजून जड होते. हा थर ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये कधीही दिसणार नाही, म्हणून पाझरांची ठिकाणे जीपीएसने नोंदवून त्यांची स्वतंत्र लेयर करावी.

आणखी एक चूक मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे. दरडीचा संपूर्ण व्रण बहुभुज म्हणून आखतात आणि त्याचा मध्यबिंदू दरडीचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रतिमानाला शिकवायला देतात. व्रण लांबट असल्याने तो बिंदू बहुधा मलबा वाहत गेलेल्या वाटेवर पडतो, आणि सौम्य उतारावरच माती सुटते असे प्रतिमान शिकते. बिंदू व्रणाच्या माथ्याशी, जिथून माती सुटली तिथेच द्यावा. मलबा किती दूर जाईल, हा वेगळा प्रश्न असून त्याचा नकाशाही वेगळा करावा: व्रणाच्या माथ्यापासून मलब्याच्या शेवटच्या टोकापर्यंतच्या रेषेचा कोन मोजावा आणि तुमच्याच तालुक्यातील व्रणांवरून त्याची किमान मर्यादा काढावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. ईपीएसजी ३२६४३ मध्ये रूपांतर करताच सावित्रीकाठचा भाग एक-दोन अंशांवर आला. माझे बिंदू तपासले, तर सरांनी सांगितल्याप्रमाणे बहुतेक सगळे मलब्याच्या वाटेवरच होते. तळियेचा तर जवळजवळ घरांच्या जागी पडला होता. ते माथ्याशी हलवत आहे. पाझरांच्या नोंदी या पावसाळ्यात घ्याव्यात की ओल टिकून असते त्या ऑक्टोबरमध्ये, हे मात्र विचारायचे आहे.

उत्तर: निवृत्त_भूशास्त्रज्ञ

ऑक्टोबरमध्ये जा. मुसळधार पावसात त्या कड्यांखाली कोणी नोंदी घेत फिरू नये. शिवाय पाऊस चालू असताना सगळा डोंगरच पाझरत असतो. पाऊस उघडल्यावर जे पाझर वाहत राहतात, तेच नकाशावर हवेत.