मदत हवी आहे: परवा पडला तर वेळ माफ, काल पडला तर नाही, असं कसं? (टूर द फ्रान्स २०२४)

मंडळी, सायकलिंग रेस बघणारं कोणी इथे असेल तर प्लीज मदत करा. ऑफिसात विचारायला गेलं की 'सायकलची पण मॅच असते का' इथपासून सुरुवात होते, त्यामुळे इथे लिहितोय.

आज दुपारी बातमी वाचली की माझा आवडता रायडर प्रिमोझ रॉग्लिच तेराव्या स्टेजला उतरणारच नाही, टूर सोडली (स्टेज म्हणजे एका दिवसाचा टप्पा, सगळ्या स्टेजचा मिळून वेळ ज्याचा सर्वांत कमी तो टूर जिंकतो). तेव्हापासून कामात लक्ष नाही.

कालची व्हिलनव्ह-स्यूर-लोची स्टेज सपाट होती, स्प्रिंटवाल्यांची, म्हणजे शेवटी घोळक्यातून सुसाट सुटणाऱ्यांची, म्हणून मी निवांत जेवायला बसलो होतो, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला. शेवटचे १२-१३ किलोमीटर राहिले आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं, नुसतं गोल गोल फिरतंय, मी आमटीच्या हातानेच अ‍ॅप बंद करून परत चालू केलं आणि चित्र आलं तर हा मागे पडलेला, खांद्यावर जर्सी फाटलेली, टीमवाले त्याला ओढत नेतायत आणि पुढचा घोळका सुसाट. नंतर रिप्लेत दिसलं की पुढच्या एका रायडरचं चाक दुभाजकाला लागलं आणि मागचे एकावर एक पडले. याची काय चूक? २ मिनिटं २७ सेकंद गेली. एकूण वेळेत सकाळी चौथा होता, पहिल्या नंबरवरच्या पोगाचरच्या २ मिनिटं १५ सेकंद मागे, रात्री सहावा आणि ४:४२ मागे.

आता मला न कळलेली गोष्ट. परवा ल लिओराँच्या स्टेजला पण तो पडलाच होता, शेवटच्या उतारावर, आणि तेव्हा त्याला बरोबरच्या इव्हनपूलचाच वेळ दिला, म्हणजे पुढे पोचलेल्या विंगेगार्ड-पोगाचरच्या फक्त २५ सेकंद मागे. म्हणजे परवा स्वतः घसरला तर माफ, आणि काल दुसऱ्यामुळे पडला तर माफ नाही? हा कुठला न्याय? आणि मी तर वाचलं होतं की डोंगरातल्या स्टेजला ३ किमीचा नियम चालत नाही, मग परवा कसा चालला?

दुसरं म्हणजे पुढचे लोक थांबत का नाहीत? चौथ्या नंबरचा माणूस पडलाय आणि सगळे आणखी जोर लावतायत हे बघवत नाही हो.

मी याला २०२० पासून धरून आहे. लॉकडाऊनमध्ये घरी बसून पूर्ण टूर बघितली होती, शेवटून दुसऱ्या दिवशी ५७ सेकंदांची आघाडी घेऊन ला प्लांश दे बेल फीयच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाशी लावायची शर्यत) निघाला आणि हेल्मेट वाकडं झालेलं, चेहरा पांढरा पडलेला, तसा वर पोचला तेव्हा टूर गेलेली होती. शेवटी ५९ सेकंदांनी दुसरा. २०२१ ला तिसऱ्याच स्टेजला पडला, नवव्या स्टेजआधी घरी. २०२२ ला रस्त्यात आलेल्या गवताच्या गठ्ठ्यामुळे पडला, खांदा निखळला, तो त्याने बाजूच्या एका प्रेक्षकाच्या खुर्चीवर बसून स्वतः परत बसवला आणि पुढे गेला, पंधराव्या स्टेजआधी घरी. आणि आता हे. स्पेनची व्हुएल्टा तीनदा, इटलीची जिरो एकदा, ऑलिंपिकचं टाइम ट्रायलचं गोल्ड, सगळं आहे त्याच्याकडे, ही एकच रेस त्याला का लाभत नाही.

अजून ९ स्टेज आहेत. तुमचा माणूस गेल्यावर तुम्ही पुढे बघता का? कसं बघता? खरंच विचारतोय.

प्रतिसाद १:
वाईट वाटलं वाचून, मीही काल तेच बघत होतो. नियमाचं सांगतो. चूक कोणाची हे त्यात बघतच नाहीत, फक्त कुठे पडला ते बघतात. शेवटच्या ३ किमीच्या आत पडलात, पंक्चर झालं किंवा सायकल बिघडली तर त्या क्षणी ज्यांच्याबरोबर होतात त्यांचाच वेळ तुम्हाला मिळतो. परवा तो ३ किमीच्या आत, इव्हनपूलबरोबर असताना पडला, म्हणून त्याचा वेळ. काल १२ किमी बाकी होते, तिथे हा नियम पोचतच नाही.

डोंगराचं म्हणाल तर नियम घाटमाथ्यावर संपणाऱ्या स्टेजला आणि टाइम ट्रायलला नसतो. ल लिओराँची स्टेज डोंगरातली असली तरी माथ्यावर संपणारी धरत नाहीत, शेवटचा चढ झाला की उतार आहे आणि तो उतारावरच घसरला. तुमचा गोंधळ तिथेच झालाय.

आता पुढच्या वेळी सपाट स्टेजला एक बघा, पोगाचर-विंगेगार्डच्या टीम शेवटच्या १५-२० किमीत स्प्रिंटवाल्यांच्या मधे घुसून पुढे येतात, ते याच भीतीने, आणि ३ किमीची कमान गेली की हळूच बाजूला होतात. फ्रान्समधल्या गावांचे रस्ते म्हणजे दुभाजक, गोल चौक, मधेच अरुंद वळण, मागे राहिलं की अडकलंच समजा.

प्रतिसाद २:
थांबण्याबद्दल. पिवळी जर्सीवाला (एकूण वेळेत पहिला असलेला) स्टेजच्या मधेच पडला आणि रेस थंड असली तर थांबतात, तसा लेखी नियम नाही पण रीत आहे. शेवटच्या १२ किमीत स्प्रिंटच्या टीम पूर्ण वेगात असतात, तेव्हा कोणी कोणासाठी थांबत नाही. मागे नक्की कोण पडलंय हे पुढच्याला नीट कळतही नसतं.

आणि दादा, काल कोण जिंकलं ते बघितलंत का? बिनियाम गिरमाय, एरिट्रियाचा. ट्यूरिनला जिंकला तेव्हा टूरची स्टेज जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन ठरला, कालची त्याची तिसरी स्टेज आणि स्प्रिंटच्या गुणांत पहिल्याची हिरवी जर्सी त्याच्या अंगावर आहे. माझा आवडता रायडर २०१९ मध्ये गुडघ्याजवळ स्नायू फाटून रडत रडत गाडीत बसला होता, मी दोन दिवस टीव्ही लावला नाही आणि अजून पस्तावतेय. उद्या तूरमालेचा घाट आणि शेवटी प्ला दादेचा चढ, रविवारी प्लातो द बेयचा. सोडू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. 'कुठे पडला ते बघतात' हे वाचलं आणि डोक्यातली गाठ सुटली, राग गेला नाही पण निदान कोणी मुद्दाम अन्याय केला नाही एवढं कळलं.

ताई, गिरमाय जिंकला हे मला खरंच माहीत नव्हतं. मी मोबाईल उलटा ठेवून हात धुवायला गेलो तो परत आलोच नाही. आता हायलाइट्स बघितले, बरं वाटलं.

उद्या तूरमालेपासून बघतो. एकच शेवटचं विचारतो, व्हुएल्टा १७ ऑगस्टला लिस्बनहून सुरू होतेय, म्हणजे जेमतेम पाच आठवडे. हाड मोडलं नसेल आणि नुसतं खरचटणं-मुका मार असेल तर एवढ्यात माणूस तीन आठवड्यांच्या रेसला उभा राहतो का? कोणी फिजिओ किंवा स्वतः रेस करणारं असेल तर लिहा.