‘मानवतावाद’ : लिओनार्दोच्या संदर्भात नेमका अर्थ कोणता?

प्रश्न
लिओनार्दो दा विंचीवरच्या मराठी लेखांत ‘त्याने मानवतावादाला नवी दिशा दिली’ असं वाक्य हमखास येतं. आपल्याकडे मानवतावादी म्हटलं की दीनदुबळ्यांचा कळवळा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. लिओनार्दो तर १५०२ साली युद्धखोर इटालियन सरदार चेझारे बोर्जिया याच्या पदरी लष्करी अभियंता होता. मग हा मानवतावाद कुठला?

प्रतिसाद
कळवळ्याचा अर्थ इथे बाजूलाच ठेवा. पंधराव्या शतकातल्या इटलीत व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र या विषयांच्या अभ्यासाला ‘स्तुदिया ह्युमानितातिस’ म्हणत. हे विषय शिकवणारा तो ‘उमानिस्ता’. सगळी भिस्त जुन्या लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांवर. शेवटी ‘वाद’ लावलेला शब्द (मूळ जर्मन ‘हुमानिस्मुस’) फार उशिराचा; जर्मन शिक्षणतज्ज्ञ नीटहामर याने तो १८०८ मध्ये रूढ केला. म्हणजे लिओनार्दोच्या हयातीत (१४५२ ते १५१९) कुणी स्वतःला या नावाच्या वादाचा अनुयायी म्हणवत नव्हतं.

प्रतिसाद
आणि त्या मूळ अर्थाने लिओनार्दो उमानिस्ता नव्हताच. अनौरस मुलगा, लॅटिनचं रीतसर शिक्षण नाही, फ्लोरेन्सचा शिल्पकार-चित्रकार वेरोक्क्यो याच्या कार्यशाळेत हाताने काम करत घडलेला. वहीत त्याने स्वतःला ‘ओमो सान्त्सा लेत्तेरे’, म्हणजे अक्षरविद्या नसलेला माणूस, म्हटलं आहे. ते वाक्य लीनतेचं नाही. दुसऱ्यांच्या ग्रंथांतली वचनं मिरवणाऱ्या पंडितांना त्याचं तिथे उत्तर आहे की माझा आधार अनुभव आहे. तरीही पुढे त्याने लॅटिन वळणाच्या शब्दांच्या याद्या पानंच्या पानं लिहून काढल्या. मिलानच्या त्रिवुल्झियाना ग्रंथालयातल्या वहीत त्या आजही आहेत. ते विद्याधन त्याला हवंच होतं, मला तर त्या याद्या त्याच्या चित्रांइतक्याच हलवून जातात.

त्याचा प्रभाव कुठे पडला हे बघायचं तर व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयातलं १४९० च्या सुमाराचं रेखाचित्र घ्या. वर्तुळ आणि चौकोन यांत हातपाय पसरून उभा असलेला पुरुष. आधार विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराच्या ग्रंथाचा, म्हणजे अस्सल उमानिस्तांचा ऐवज. पण विट्रुव्हियस म्हणतो, पाऊल उंचीच्या एक षष्ठांश. लिओनार्दो चित्राखालच्या मजकुरात लिहितो, एक सप्तमांश. वर्तुळाचं केंद्र नाभीपाशी ठेवून चौकोनाचं त्याने खाली जननेंद्रियांपाशी घेतलं, त्यामुळे दोन्ही आकृत्या शरीराला न ताणता बसतात. प्राचीन वचनाचा मान राखायचा आणि माणसाचं माप घेऊन ते तपासायचंही, ही त्याची खरी देणगी. शवविच्छेदनाची त्याची चित्रं याच वाटेवरची.

मूळ प्रश्नकर्ता
मग मराठीत लिहायचं काय?

प्रतिसाद
मी त्या विद्यापरंपरेला ‘मानव्यविद्या’ म्हणेन. विद्यापीठांत हा शब्द रुळलेला आहे. उमानिस्ता म्हणजे ‘मानव्यविद्येचा पंडित’. ‘मानवतावाद’ हा शब्द मराठीत एका वेगळ्या विचाराशीही बांधला गेला आहे. मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद आणि तो पुढे नेणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अनेकांना लगेच आठवतील, आणि त्यांचा रोख विसाव्या शतकातल्या स्वातंत्र्य आणि विवेकाच्या प्रश्नांवर आहे. एकाच लेखात दोन्ही अर्थ आले तर वाचकाचा गोंधळ होणारच.

‘मानवकेंद्री दृष्टी’ हाही प्रयोग सर्रास दिसतो. तो जपून करावा. लिओनार्दोने पाण्याचे भोवरे, पक्ष्यांचे पंख, खडकांचे थर हे माणसाच्या देहाइतक्याच ओढीने रेखाटले.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘मानव्यविद्येच्या पंडितांनी जपलेल्या प्राचीन ग्रंथांना लिओनार्दोने प्रत्यक्ष निरीक्षणाची कसोटी लावली.’